पहिलं वर्ष पुण्यात : खर्च किती आणि कुठल्या महिन्यात

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या यादीत पुण्याच्या कॉलेजचं नाव येतं आणि घरात सगळ्यात आधी फीची चर्चा सुरू होते. किती भरायची, हप्ते मिळतील का, शिष्यवृत्तीत किती सुटेल. ही चर्चा व्हायलाच हवी. पण लातूर, परभणी, यवतमाळ किंवा नंदुरबारहून मूल पुण्याला पाठवणाऱ्या घराची घडी एकट्या फीमुळे क्वचित विस्कटते. फीचा आकडा आधी कळलेला असतो, त्याची तजवीज सुरू झालेली असते. घडी विस्कटते ती पहिल्या दोन महिन्यांत. खोलीचं डिपॉझिट, भाडं, मेसचा ॲडव्हान्स, गादी, पुस्तकं आणि आईवडिलांच्या पुण्याला दोन-तीन खेपा हे सगळं एकदम अंगावर येतं. ज्या सरकारी भत्त्याच्या भरवशावर हिशेब मांडलेला असतो तो मात्र बऱ्याचदा दिवाळी उलटल्यावर, कधी तर पुढच्या उन्हाळ्यात खात्यात येतो.

मधल्या काळातला ताण मूल एकट्यानं सोसतं. घरी सांगत नाही, एका वेळची मेस बंद करतं, गणपतीला गावी जायचं टाळतं आणि सप्टेंबरमधल्या पहिल्या अंतर्गत परीक्षेला अर्धपोटी बसतं. म्हणून वर्षाचा एकूण खर्च काढलात तरी तो महिनावार मांडा, आणि पहिल्या दोन महिन्यांचे पैसे वेगळे बाजूला काढल्याशिवाय मुलाला गाडीत बसवू नका. खाली दिलेले खोली आणि मेसचे आकडे साध्या राहणीचे आणि अंदाजे आहेत. भागाप्रमाणे त्यात हजार-दोन हजारांचा फरक पडेल.

प्रवेश घेण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न असा : हे कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे, की ते स्वतःच खासगी किंवा अभिमत विद्यापीठ आहे? पुण्यात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत. इमारती, नावं, जाहिराती सारख्याच दिसतात. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या इतर मागास वर्ग, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माफी सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजांना लागू होते, पण प्रवेश कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून झालेला असावा लागतो. खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि व्यवस्थापन कोटा यातून वगळले आहेत. एखाद्या घराला शून्य किंवा काही लाख, हा फरक या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

दुसरा प्रश्न, माफीत नेमकं काय येतं? शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क येतं. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, गणवेश, जिमखाना, ओळखपत्र हे आपल्या खिशातून. 'फी माफ आहे' एवढं ऐकून निघालेल्या पालकांना कॉलेजच्या खिडकीवर काही हजारांची पावती दिसते ती यामुळेच. फीचा संपूर्ण तक्ता, बाबनिहाय, प्रवेशाच्या आधी मागून घ्या. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. तिथला आकडा आणि खिडकीवरचा आकडा जुळवून पाहायला दहा मिनिटं लागतात. इमारत निधी, देणगी, 'समजून द्या' अशा नावांनी काही मागितलं तर पावती मागा. राज्यात कॅपिटेशन फी घेण्यावर १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिच्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचं निम्मं शिक्षण शुल्क सुटतं. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी निम्मीच रक्कम घ्यायची, असं अपेक्षित आहे. 'आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावरच निम्म्या रकमेची पावती फाडली जाते.

प्रवेश रद्द करावा लागला तर? कॅपमधून मिळालेली जागा, सीईटी कक्षानं जाहीर केलेली अंतिम तारीख उलटण्याआधी सोडली, तर १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते. इतर पदवी अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये ठरवून दिलेली पायरी अशी : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास पूर्ण परतावा (त्यातून फार तर पाच टक्के, तेही कमाल ५,००० रुपये, प्रक्रिया खर्च कापता येतो), शेवटच्या पंधरा दिवसांत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८० टक्के, त्यापुढच्या पंधरा दिवसांत ५० टक्के, आणि महिना उलटला की काही नाही. अनामत रक्कम पूर्ण परत मिळायला हवी. मूळ कागदपत्रं कॉलेजनं तपासून लगेच परत द्यायची, अडवून ठेवायची नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. मूळ गुणपत्रिका कॉलेजात अडकली की दुसरीकडचा चांगला प्रवेश हातचा जातो, म्हणून हा मुद्दा फीइतकाच महत्त्वाचा आहे.

दाखल्यांचं थोडक्यात. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस हे एप्रिल-मे मध्येच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रांवर झुंबड उडते आणि तिथे एजंट उभे राहतात. जात, उत्पन्न आणि रहिवास दाखल्यासाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, त्यामुळे कुणी ५०० रुपयांचा बाँड आणा म्हणालं तर आणू नका. केंद्राबाहेर दरफलक असतो. तेवढेच पैसे द्या, पावती घ्या. रॅगिंगविरोधी हमीपत्रही ऑनलाइन, फुकट भरता येतं.

खोली

सगळ्यात स्वस्त आणि पहिल्या वर्षासाठी सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे वसतिगृह. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाच्या शासकीय वसतिगृहांत राहणं-जेवण मोफत असतं, जागा कमी असतात. कॉलेजच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच भरा, दुसऱ्या खेपेवर ढकलू नका. पुण्यात ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेची वसतिगृहं अल्प खर्चात राहण्या-जेवण्याची सोय करतात. तिथे अर्ज आणि मुलाखत असते, म्हणून निकालाच्या आसपासच चौकशी करावी. जिल्ह्यांची, समाजांची, ट्रस्टची वसतिगृहंही पुण्यात पुष्कळ आहेत. आपल्या तालुक्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या वरच्या वर्गातल्या मुलांना विचारलं की त्यांची नावं कळतात.

वसतिगृह मिळालं नाही तर कॉट बेसिस. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यांत आणि इमारतींत, कोथरूड, कर्वेनगर, धनकवडी, आकुर्डी या भागांत एका खोलीत तीन-चार कॉट टाकलेल्या असतात. एका कॉटचे महिन्याला साधारण ३,००० ते ५,००० रुपये, डिपॉझिट एक-दोन महिन्यांचं. जेवणासकट चालणाऱ्या पीजीचा दर ८,००० पासून सुरू होतो आणि सोयींप्रमाणे १२-१४ हजारांपर्यंत जातो. मला विचाराल तर पहिल्या वर्षी जेवणासकट पीजी घेण्यात फायदा दिसत नाही. तिथलं जेवण आवडलं नाही तरी पैसे गुंतलेले असतात आणि मूल बाहेर खाऊ लागतं, म्हणजे दुप्पट खर्च.

कॉट बघायला संध्याकाळी जा. दुपारी खोली रिकामी असते, सगळं ऐसपैस वाटतं. संध्याकाळी मुलं परतली की किती जण राहतात, संडास-बाथरूम किती जणांत आहे, पाणी किती वाजता येतं, मोबाईलला रेंज आहे का, अभ्यासाला उजेड आहे का, हे आपोआप दिसतं. तिथे राहणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन दोन गोष्टी विचारा : मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांना डिपॉझिट परत मिळालं का, आणि लाइट बिल वेगळं लागतं का. मुलीसाठी बघत असाल तर जाण्या-येण्याची वेळ, रात्री गेटवर कोण असतं आणि बस स्टॉपपासून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे स्वतः चालत जाऊन पाहा. पाचशे रुपये जास्त देऊन उजेडाच्या रस्त्यावरची खोली घेणं हा योग्य खर्च आहे.

काही ठिकाणी वर्षाचे सगळे पैसे आगाऊ मागतात आणि थोडी सूट दाखवतात. पहिल्या दोन महिन्यांसाठी ही सूट नाकारा. बेटरमेंटच्या फेरीत कॉलेज बदलू शकतं, वसतिगृहाच्या दुसऱ्या यादीत नाव लागू शकतं, मुलाला तिथली सोबत मानवणार नाही असंही होऊ शकतं. महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल अशी अट लिहून घ्या.

लिहून घ्या, यावर माझा जोर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. चार मित्र मिळून फ्लॅट घेणार असतील तर हा करार हवाच. शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये, त्यावर थोडं मुद्रांक शुल्क, आणि एजंटाची फी वेगळी. कॉट बेसिसवर सहसा करार करत नाहीत. तिथे निदान डिपॉझिटची सही असलेली पावती घ्या, आणि ती देणार नसतील तर पैसे रोख न देता खात्यावर पाठवा, म्हणजे नोंद राहील. कुणी वसतिगृहाच्या भाड्यावर जीएसटी लावला तर हे लक्षात ठेवा : सलग ९० दिवस किंवा जास्त राहणाऱ्याच्या, महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला २०२४ च्या जुलैपासून जीएसटी माफ आहे.

फोटो पाहून, खोली न बघता क्यूआर कोडवर 'टोकन' पाठवू नका. जूनमध्ये हा धंदा जोरात असतो. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार करा. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होत जातं.

मेस

पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सगळ्यात जास्त लक्ष मेसकडे द्यायला हवं. फी एकदा भरली की विषय संपतो. जेवणाचा प्रश्न रोज दोनदा येतो, आणि मुलाची तब्येत, हजेरी, मन हे सगळं त्यावर उभं असतं.

दोन वेळच्या मेसचे महिन्याला साधारण ३,००० ते ४,००० रुपये लागतात. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण-भात हे साधं ताट. रविवारी दुपारी फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद, ही पुण्याची जुनी रीत. त्या रविवार संध्याकाळचे पैसे अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. महिन्याच्या चार संध्याकाळी बाहेर खाल्लं तर ४००-५०० रुपये होतात. सकाळच्या नाश्त्याचंही तसंच. मेसमध्ये नाश्ता नसतो. पोहे आणि चहा रोज घेतला तर महिन्याला हजाराच्या पुढे जातं. खोलीवर चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, घरचा चिवडा आणि दूध ठेवलं तर हा खर्च निम्म्यावर येतो आणि उपाशीपोटी आठच्या तासाला बसायची वेळ येत नाही.

मेस लावण्याआधी चार-पाच दिवस वेगवेगळ्या ठिकाणी कूपनवर जेवून पाहा. पहिल्याच दिवशी महिन्याचा ॲडव्हान्स देऊ नका. मेसवाल्या काकूंना स्पष्ट विचारा : खाडे धरता का? किती दिवस सलग नसेल तर, आणि किती आधी सांगितलं तर? बहुतेक ठिकाणी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल तरच पैसे वळते होतात. दिवाळीत पंधरा दिवस, परीक्षेनंतर आठ दिवस, असे वर्षभराचे खाडे धरले तर एक महिन्याची मेस सहज वाचते. जेवण जास्तीचं घेतलं तर वेगळे पैसे लागतात का, आजारी असताना डबा खोलीवर मिळतो का, मुलांनी पाणी गाळून घ्यावं की मशीन आहे, हेही विचारावं. स्वयंपाकघर उघडं दिसतं अशी मेस निवडा.

मुलांशी थेट बोलतो. पैसे कमी पडले तर बाकी काहीही कमी करा, एका वेळची मेस बंद करू नका. महिन्याला दीड हजार वाचतात असं वाटतं, पण दुसऱ्याच आठवड्यात वडापाव, मॅगी आणि बिस्किटांत तेवढेच जातात आणि ऑगस्टच्या ओल्या हवेत ताप येऊन डॉक्टरचं बिल होतं. घरी एक फोन करा आणि सांगा की या महिन्यात कमी पडले. तुमच्या आईवडिलांना हे ऐकून वाईट वाटेल, पण तुम्ही उपाशी राहिलात हे नंतर कळलं तर त्याहून कितीतरी जास्त वाईट वाटेल.

सामान आणि पुस्तकं

गादी, उशी, चादर, बादली, मग, दोरी, कुलूप, एक्स्टेंशन बोर्ड. गावाहून ट्रंकेत आणता येईल ते आणा. उरलेलं तुळशीबागेत आणि बोहरी आळीत मिळतं. तीन हजारांत खोली लागते. टेबल-खुर्ची आधी विकत घेऊ नका. जून-जुलैमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं खोल्या सोडतात आणि टेबल, पंखा, कपाट स्वस्तात देऊन जातात.

पुस्तकांची यादी पहिल्या आठवड्यात मिळते, ती लगेच घेऊन दुकानात धावू नका. अप्पा बळवंत चौकात वापरलेली पुस्तकं मिळतात, पण त्याआधी कॉलेजचं ग्रंथालय बघा. बहुतेक कॉलेजांत बुक बँक असते. अनामत ठेवून अख्ख्या सत्रासाठी संच मिळतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून ड्राफ्टर, ॲप्रन, जुनी जर्नल मिळतात, पण अभ्यासक्रम बदललेला नाही ना हे पाहून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचे अभ्यासक्रम नव्यानं लागू होत आहेत, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक चालेलच असं नाही. झेरॉक्स आणि प्रिंटचा खर्च मात्र सगळे विसरतात. महिन्याला ३००-५०० धरा.

लॅपटॉप पहिल्या सत्रात घेऊ नका. पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होतं. कुठली शाखा, कुठलं सॉफ्टवेअर, किती ताकदीचं मशीन लागेल हे दुसऱ्या सत्रापर्यंत कळतं. जुलैत घाईनं ५०,००० घालण्यापेक्षा ते पैसे राखीव ठेवलेले बरे.

आता हिशेब

कॉट बेसिसवर राहणाऱ्या एका मुलाचा पहिला महिना असा पडतो : डिपॉझिट ८,०००, भाडं ४,०००, मेस ३,५००, सामान ३,०००, पालकांसह पुण्याच्या खेपा आणि दाखले ३,५००, पुस्तकं-साहित्य ३,५००, बस पास ७५०, हातखर्च २,०००. एकूण २८,२५०. दुसऱ्या महिन्यापासून भाडं, मेस, पास, हातखर्च आणि ५०० रुपयांच्या झेरॉक्स धरून १०,७५०. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत ३९,००० रुपये हातात हवेत, आणि दहा महिन्यांच्या शैक्षणिक वर्षाला सव्वा लाख. यात कॉलेजची फी नाही. गावी जाण्या-येण्याचे, सणाचे, आजारपणाचे पैसे नाहीत. त्यासाठी आणखी १०-१२ हजार बाजूला ठेवा.

हा आकडा मनात ठेवून भत्त्यांकडे बघा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये (भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००), इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शाखांना शैक्षणिक साहित्यासाठी ५,००० वेगळे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, इतर मागास, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना अशाच धर्तीवर आहेत. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाच्या, गुणांच्या, हजेरीच्या अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत, त्या अर्जाच्या वेळी नीट वाचा.

या योजना मोठा आधार आहेत, त्या सोडू नका. पण ६०,००० म्हणजे सव्वा लाखाचा निम्माही भाग नाही, आणि तो हप्त्यांनी येतो. म्हणून भत्त्याला पहिल्या सत्राच्या खर्चात धरू नका. तो दुसऱ्या सत्राचा पैसा समजा. आधी आला तर आनंदच.

तो वेळेवर यावा यासाठी तुमच्या हातात एक गोष्ट आहे : बँक खातं. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. शाळेत असताना उघडलेलं जुनं खातं आधारला जोडलेलं असतं, त्यात दोन वर्षं व्यवहार झालेला नसतो, ते निष्क्रिय झालेलं असतं आणि हप्ता तिथेच अडकतो. अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला जोडलेलं आहे ते तपासून घ्या. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज 'सबमिट' झाला की काम संपलं असंही समजू नका. तो कॉलेजच्या लिपिकाकडून पुढे गेला का, त्रुटीसाठी परत आला का, हे पंधरा दिवसांनी बघत राहा.

कर्ज काढायचंच असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. वसतिगृह आणि जेवणाचा खर्चही त्यात धरता येतो. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपमधून पाच-दहा हजारही घेऊ नयेत, हे मुलाला निघण्याआधी शांतपणे समजावून सांगा. अडचणीच्या रात्री ते ॲप हाताशी असतं आणि आईवडील लांब असतात.

ये-जा, तब्येत, मन

पीएमपीचा विद्यार्थी मासिक पास ७५० रुपयांचा आहे. मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत मिळते. कॉलेजजवळची कॉट हजार रुपयांनी महाग असेल तरी घ्या. पासचे पैसे वाचतात आणि रोजचा दीड-दोन तास हाताशी राहतो, पहिल्या वर्षी त्याची किंमत मोठी आहे. दुचाकी पहिल्या वर्षी नको.

गावी जाण्याचा खर्च चैनीत धरू नका. घरापासून पहिल्यांदा दूर राहिलेल्या मुलाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फार परकं वाटतं. वर्गात इंग्रजी पटापट चालतं, मित्र झालेले नसतात, मराठवाड्या-विदर्भाच्या बोलीवरून कुणी काही बोललेलं असतं. गणपतीला एक खेप, दिवाळीला एक, संक्रांतीच्या सुमारास एक, एवढं वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. एसटीत मुलींना आणि महिलांना २०२३ च्या मार्चपासून निम्मं तिकीट आहे. रेल्वेत विद्यार्थ्यांना स्वतःच्या गावी जायला स्लीपर आणि सेकंड क्लासमध्ये ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के सवलत मिळते. तिचा फॉर्म कॉलेजच्या कार्यालयात मिळतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं, दिवाळीची तारीख त्याप्रमाणे वहीत लिहून ठेवा. खासगी बस दिवाळीत वाटेल ते भाडं सांगतात, पण २०१८ च्या शासन निर्णयानुसार त्यांना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा.

आजारपणासाठी २,००० रुपये हात न लावता ठेवायचे. शिधापत्रिकेची प्रत फोनमध्ये असू द्या. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागते. झोप लागत नाही, वर्गात जावंसं वाटत नाही, रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२. हे क्रमांक मुलाच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

कामाबद्दल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळातर्फे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावानं कमवा व शिका योजना चालते. कॉलेजातच ग्रंथालय, कार्यालय, बागेत तासाच्या हिशेबानं काम मिळतं. वर्गाच्या वेळा सांभाळून होतं, हजेरी बुडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे नाव द्यावं. रात्रीची डिलिव्हरी, कॉल सेंटर असली कामं पहिल्या वर्षी करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. महिन्याला सहा-सात हजार मिळतात, पण दोन विषय राहिले तर पुन्हा परीक्षेचा फॉर्म, पुन्हा फी, आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणावरही परिणाम.

तक्रार आणि उन्हाळा

डिपॉझिट अडवलं, मेसनं ॲडव्हान्स घेऊन बंद केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. कॉलेजच्या फीबद्दलची तक्रार मात्र तिथे टिकेलच असं नाही, कारण शिक्षण ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे का यावर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे. फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण, विद्यापीठाचा लोकपाल आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचं ई-समाधान संकेतस्थळ हे मार्ग आधी वापरा.

एप्रिलमध्ये दोन निर्णय येतात. खोली उन्हाळाभर ठेवायची की सोडायची? पुढच्या वर्षी तिथेच राहायचं असेल तर घरमालकाला निम्म्या भाड्यात दोन महिने सामान ठेवू देण्याविषयी विचारा. पुष्कळ जण तयार होतात, कारण त्यांनाही जूनमध्ये नवा भाडेकरू शोधावा लागत नाही. सोडायची असेल तर महिन्याची नोटीस लेखी द्या आणि डिपॉझिट हातात किंवा खात्यात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. दुसरा निर्णय नाही, काम आहे : शिष्यवृत्तीचा आणि भत्त्याचा अर्ज दुसऱ्या वर्षी आपोआप पुढे चालत नाही. महाडीबीटीवर नूतनीकरणाचा पर्याय निवडून, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा चालू दाखला जोडून तो पुन्हा भरावा लागतो. उन्हाळ्यात गावी असताना हा दाखला काढून ठेवा.